नोकोडॅझोल की फुची? मूलपेशींचा जी-१ टप्पा पकडायचा असेल तर

मानवी भ्रूण मूलपेशीचं चक्र साधारण १६ तासांचं, त्यातला जी-१, म्हणजे विभाजनानंतरचा आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीचा टप्पा, जेमतेम ३ तास. पेशी कोणत्या वाटेला लागणार हे बरंचसं तिथेच ठरतं. सुरुवातीच्या जी-१मध्ये सायक्लिन-डी (चक्र पुढे ढकलणारं प्रथिन) कमी असतं, त्यामुळे स्मॅड-२/३ ही संदेश पोहोचवणारी प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि पेशी एंडोडर्मकडे (भ्रूणाचा आतला थर) वळू शकते. उशिराच्या जी-१मध्ये सायक्लिन-डी वाढतं आणि त्याच्या जोडीची सीडीके-४/६ विकरं स्मॅडला बाहेरच अडवतात. मग कल चेतापेशींकडे (पाउक्लिन आणि व्हालिए, २०१३). विकासाच्या जनुकांवरची एच-३ हिस्टोनवरची (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) के-४ मिथाइल खूणही जी-१मध्येच वाढते.

नोकोडॅझोल हे पेशींना विभाजनातच थांबवणारं औषध; ते धुऊन काढलं की पेशी साधारण एकत्रच जी-१मध्ये शिरतात. ते स्वस्त आहे. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम, १२ ते १६ तास. मग दोन-तीनदा धुऊन पेशी सोडायच्या. सॉर्टर (रंगानुसार पेशी वेगळ्या करणारं यंत्र) लागत नाही, वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं ओळखण्याची चाचणी) पुरून उरतील एवढ्या पेशी मिळतात. पण औषध जास्त वेळ राहिलं तर पेशी मरतात, वाचलेल्यांत गुणसूत्रांची वाटणी चुकते. दुसरी फसगत अँटिबॉडीची: विभाजनात एच-३च्या एस-१० जागी फॉस्फेट बसतं आणि शेजारची के-९ मिथाइल खूण अँटिबॉडीला दिसेनाशी होते. खूण पुसली गेली असं वाटतं, ती असते तिथेच.

फुची म्हणजे चक्राच्या टप्प्यानुसार रंग बदलणारे रिपोर्टर, पेशीतच घातलेले. यात औषध नाही. जी-१मध्ये सीडीटी-१चा तुकडा लाल, एस ते एममध्ये (डीएनएच्या नकलेपासून विभाजनापर्यंत) जेमिनिनचा हिरवा. विभाजनानंतर लगेच मात्र दोन्ही रंग नसतात, आणि आपल्याला हव्या त्या नेमक्या याच पेशी! मेलेल्या आणि रिपोर्टर बंद पडलेल्या पेशीही अशाच अंधाऱ्या दिसतात. म्हणून मृत पेशींसाठी वेगळा रंग आणि होक्स्ट या रंगाने डीएनएची मोजणी, दोन्ही हवंच. रिपोर्टर असलेले क्लोन तयार करण्यात एक-दोन महिने जातात ते वेगळेच. सॉर्टिंगला १०० मायक्रॉनचा नोझल, दाब कमी, आणि गोळा करायच्या माध्यमात १० मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर. नाहीतर सुट्या पेशी टिकत नाहीत.

विभेदनाचा, म्हणजे मूलपेशी कोणत्या प्रकारची पेशी बनते याचा, प्रश्न असेल तर आम्ही फुचीच घेऊ. अट एकच, सॉर्टर आपल्याच इमारतीत हवा. सॉर्टर पवईत आणि इनक्युबेटर कुलाब्यात असेल, तर ट्रॅफिकमध्येच जी-१चा मोठा भाग संपतो. बर्फावर चक्र मंदावतं, पण पेशींवर ताण येतो. अशा वेळी सॉर्ट केल्या केल्या तिथेच फॉर्माल्डिहाइडने पक्क्या करून फक्त खुणा मोजाव्यात, विभेदनाचा प्रयोग त्यांच्यावर लादू नये. आणि हाती लाखभरच पेशी आल्या तर चिप-सेकच्या (डीएनएवर खुणा कुठे आहेत हे शोधण्याची पद्धत) नादी न लागता कमी पेशींत तेच काम करणारं कट-अँड-रन करावं. त्यासाठी मात्र पेशी पक्क्या न केलेल्याच बऱ्या.