राष्ट्रीय क्वांटम मिशन: माणशी ४३ रुपयांत काय मिळतंय

रेटिंग ५ पैकी साडेतीन. क्वांटम म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचे नियम वापरून कॉम्प्युटर, सेन्सर वगैरे बनवायचं हे केंद्र सरकारचं मिशन. आता सरकारी मिशनचा कसला रिव्ह्यू म्हणाल, पण पैसे आपल्या टॅक्समधून गेलेत म्हणजे गिऱ्हाईक आपणच ना.

किंमत आधी. एप्रिल २०२३ ला कॅबिनेटने ६००३.६५ कोटी मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतसाठी. १४० कोटी लोकांत वाटले तर आठ वर्षांचे मिळून माणशी ४३ रुपये, दोन वडापावात काम झालं, त्यामुळे महाग वगैरे अजिबात नाही. उलट माझी तक्रार आहे की कमीच पडतायत, कारण २०२० च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी पाच वर्षांत ८००० कोटी जाहीर केले होते, मग तीन वर्षं नुसतीच गेली, रक्कम घटली नि मुदत वाढली, म्हणजे वर्षाला १६०० कोटींचे साडेसातशे झाले. एक स्टार तिथेच कट.

जाहिरातीत लिहिलंय आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे क्वांटम कॉम्प्युटर (क्युबिट म्हणजे साध्या कॉम्प्युटरच्या बिटचा क्वांटम भाऊ). आता ही काय रेंज झाली का राव, पन्नास आले तरी पास, हजार आले तरी पास! मिशनने निवडलेल्या आठ स्टार्टअपपैकी बंगळुरूच्या क्यूपीआयएआय (QpiAI) ने २०२५ मध्ये २५ क्युबिटचं मशीन आणलं, छानच, पण आयबीएम २०२३ मध्येच हजारावर गेलीय. त्यात नुसते क्युबिट मोजून काही होत नाही, एरर किती येतात ते बघावं लागतं, आणि सुपरकंडक्टिंग, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या सर्किटची चिप चालवायची तर ती जवळजवळ उणे २७३ डिग्रीपर्यंत थंड ठेवावी लागते. म्हणून मला त्या २५ च्या आकड्यापेक्षा आयआयटी मुंबईतली डिमिरा ही स्टार्टअप भारी वाटते, ते लोक या थंडीत चालणाऱ्या केबल बनवतायत. असल्या सुट्या भागांची बातमी होत नाही, पण ते आपल्याकडे बनले नाहीत तर प्रत्येक मशीनसाठी बाहेर हात पसरायचे.

सगळ्यात पैसा वसूल माल पवईत. मिशनच्या चार हबपैकी (एकेका विषयाची मुख्य संशोधन केंद्रं) सेन्सिंगचं, म्हणजे बारीक मोजमापाचं, आयआयटी मुंबईकडे आहे, आणि तिथे कस्तुरी साहा यांच्या गटाने क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप बनवलाय. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन नि शेजारी रिकामी जागा असली की ती बारीकशी चुंबकीय फील्डसुद्धा ओळखते, तेही साध्या खोलीच्या तापमानाला, फ्रीजबिज काही नको. बंद चिपच्या आतला करंट कुठून वाहतोय ते यातून दिसू शकतं. पुण्याची क्यूप्रयोग अणुघड्याळावर काम करतेय, तीही त्या आठ स्टार्टअपच्या यादीत आहे. माझं ऐकाल तर क्युबिटच्या शर्यतीतले थोडे पैसे काढून इकडे वळवा.

उरलेला अर्धा स्टार हिशेबासाठी कापलाय. कुठल्या हबला किती गेले, ठरलेल्यातलं काय झालं, हे एका पानावर मराठीत टाका की. नाहीतर लोक सगळंच मिशनच्या खात्यात धरतात, २०२४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत टेस्ट झालेला ६ क्युबिटचा प्रोसेसरसुद्धा, जो खरं तर डीआरडीओच्या पुण्यातल्या लॅबसोबतचा प्रोजेक्ट आहे.