यंत्रातला बिघाड शोधायला मायक्रोफोन की ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर)?

पंख्याचा घोंगाट किंवा हवेची गळती शोधायला मायक्रोफोन बरा. यंत्राला हात लावावा लागत नाही. मात्र यंत्र बंद असतानाची आवाजाची पातळी चालू असतानापेक्षा किमान १० डेसिबल खाली हवी, नाहीतर शेजारच्या यंत्राचाच आवाज मोजला जातो.

बेअरिंगसाठी ॲक्सेलरोमीटरच. हाउसिंगवरचा (बेअरिंगच्या कवचावरचा) रंग खरवडून सेन्सर स्टडने (आट्यांच्या खिळीने) घट्ट बसवा. नुसता हाताने टेकवला तर साधारण १ किलोहर्ट्झच्या वरचं वाचन भरवशाचं नसतं, आणि बेअरिंगच्या सुरुवातीच्या बिघाडाची खूण नेमकी तिथेच असते. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या मोटरमध्ये २५ हर्ट्झवर, म्हणजे फिरण्याच्याच वारंवारतेवर, कंपनाचं शिखर दिसलं तर बहुधा असंतुलन (फिरत्या भागाचं वजन एका बाजूला जास्त). ५० वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, असेल तर आधी कपलिंगची अलाइनमेंट (जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का) तपासा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० चा गुणगुणाट असेल तर वीज तोडून पाहा: विद्युत दोष असेल तर तो तत्क्षणी थांबतो, यांत्रिक असेल तर वेगाबरोबर हळूहळू उतरतो. ही चाचणी दोन्ही उपकरणांनी जमते.