वारी की परिक्रमा? नागपुरातून पायी निघणाऱ्यांसाठी

नागपुरात कुणाच्या मनात लांबची पायी यात्रा आली की दोन नावं हमखास पुढे येतात, आषाढीची पंढरपूर वारी आणि नर्मदा परिक्रमा. विचारणारे बहुतेक निवृत्तीला आलेले असतात, नाहीतर मुलामुलींची लग्नं उरकून मोकळे झालेले. पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोमीटर? आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे, अठरा-वीस दिवसांची वाट. नर्मदा अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहते आणि परिक्रमेत तिचे दोन्ही काठ चालायचे, म्हणजे सव्वीसशेच्या वरच. वळसे धरले तर त्याहूनही जास्त. परंपरेने परिक्रमेला ३ वर्षं ३ महिने १३ दिवस सांगितले आहेत. हल्ली बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात.

एवढं ऐकलं की लोकांना वाटतं, झालं, ठरलं. मी दोन्ही वाटा चालले आहे आणि मला किलोमीटरचा हिशोब दुय्यम वाटतो. आधी ठरवायची ती सोबत. वारीत तुम्ही एका दिंडीच्या घरातले होऊन चालता. परिक्रमेत रोज संध्याकाळी नव्या दाराशी पाहुणे म्हणून उभे राहता, आणि बरोबरची माणसं भेटत-सुटत राहतात. यातलं आपल्याला काय झेपेल, काय हवंय, हे कळलं की बाकीच्या गोष्टी बघता येतात.

दिंडीतली माणसं

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. माउलींच्या पालखीला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होतं. कुणी मोकळा वारकरी म्हणून नुसतं चाललं तरी अडवत नाही. पण नागपूरहून एकट्याने जाणाऱ्याने दिंडी धरावी, हे मी आग्रहाने सांगेन. भिशीचे, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचे पैसे भरले की जेवण, तंबूतली जागा, सामानाचा ट्रक आणि चालण्याच्या क्रमातली तुमची ओळ, सगळं मिळतं. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. मधे विणेकरी, टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाज, आणि डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया.

बहुतेक दिंड्या एकेका गावच्या असतात. कुणाचा चुलता, कुणाची मावशी, कुणी शेजारी. आपण नवखे. पण “येऊन राहिली” असं एकदा तोंडातून निघालं की “नागपूरकडच्या का?” हा प्रश्न आलाच, आणि तिथून बोलणं सुटतं. वयाने मोठं कोण, लहान कोण, हे न बघता माणसं एकमेकांच्या पाया पडतात. सगळे एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे एकाच तंबूत झोपणाऱ्या बाईचं खरं नाव कित्येक दिवस कळत नाही. पायाला फोड आला तर सुईदोरा घेऊन बसणारी कुणीतरी निघतेच, आपण विचारायच्या आधी.

या सोहळ्यातली एक गोष्ट मी कुणालाही जवळून बघायला सांगते, मुक्कामाच्या तळावरची समाज आरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला दंड वर उचलतात आणि ते अख्खं मैदान गप्प होतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तीच फक्त टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात, उद्या निघायची वेळ सांगतात, मग आरती. एवढ्या गर्दीत छत्री हरवलेल्याचीही दखल घेतली जाते. परक्या मुलखात आलेल्या माणसाला याने फार धीर येतो.

एकांत मात्र मिळत नाही. लाखो माणसं, लाऊडस्पीकर, रात्री तंबूत कुशीला कूस लागलेली. पाऊस झाला की सतरंजीखाली चिखल. बायकांसाठी सगळ्यांत अवघड असतो तो शौचाचा आणि अंघोळीचा प्रश्न. फिरती स्वच्छतागृहं आता असतात, पण गर्दीपुढे ती कमीच पडतात. बाया पहाटे तीनला उठून, अंधारातच टँकरखाली अंघोळ उरकून घेतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मन मारून जाऊ नये. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत मोठा आणि त्यात दिवे घाट. तो निभला की पुढचं बरंच सोपं वाटतं. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. तोवर अंग चालण्याला सरावलेलं असतं आणि दिंडीतली माणसं आपली वाटायला लागलेली असतात.

मैयाच्या काठची माणसं

नर्मदा आपल्याला परकी नाही. भोपाळ-दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत इटारसी सुटलं की खिडकीपाशी नाणी काढून बसलेली माणसं प्रत्येक नागपूरकराने पाहिली आहेत. सिवनीवरून जबलपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथला नर्मदेवरचा ग्वारीघाट आपल्याला आळंदीपेक्षा कितीतरी जवळ. अमरकंटकहून परिक्रमा उचलायची, म्हणजे सुरू करायची असेल तर बिलासपूरमार्गे पेंड्रा रोडपर्यंत रेल्वे आहे. बरेच मराठी परिक्रमावासी ओंकारेश्वरहून उचलतात. त्यासाठी खंडव्याला उतरून बस धरायची.

नियम मोजके आहेत, पण कडक. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्रापाशी सोडून कुठेही ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून निघणाऱ्याला बेटावरच्या ज्योतिर्लिंगाचं दर्शनही परिक्रमा पुरी झाल्यावरच, कारण तिथे जायचं तर पात्र ओलांडावं लागतं. चातुर्मासात एका जागी थांबायचं. म्हणून बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात.

संध्याकाळी आश्रमापाशी पोचलं की आतून आवाज येतो, “नर्मदे हर! कितनी मूर्ती?” इथे माणसं मूर्ती म्हणून मोजतात. मग ओसरीवर आसन लावायला जागा दाखवतात. कुठे तयार भोजनप्रसादी मिळते. कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ हातात देतात आणि आपण शिजवायचं. पहिल्यांदा असं कोरडं पीठ ओंजळीत घेताना मला फार संकोच झाला होता. ज्याच्या घरात दोन कोंबड्या आणि एक खाट एवढाच पसारा, तो माणूस आपल्याला जेवल्याशिवाय हलू देत नाही. वारीत दाते पुष्कळ असतात, पण ते हजारोंना वाटत असतात. नर्मदेकाठी एक घर एका माणसासाठी चूल पेटवतं. ते घेणं देण्यापेक्षा अवघड आहे. ज्याला कुणाचं काही घ्यायची सवय नाही त्याने हे आधीच मनाशी ठरवून निघावं.

सोबत्यांचं म्हणाल तर इथे दिंडी नसते. एखादा साधू, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, मायलेकी, असे कुणी दोन-तीन दिवस बरोबर चालतात. मग कुणाची चाल जास्त, कुणाला ताप, की सुटलेच. आधी हुरहूर लागते. पण दक्षिण तटावर समुद्राजवळच्या विमलेश्वरला सगळ्यांना थांबावं लागतं, कारण पलीकडे उत्तर तटावरच्या मिठीतलाईला नेणारी नाव भरतीच्या वेळेवरच सुटते. मागे सुटलेली, पुढे गेलेली कितीतरी माणसं तिथे पुन्हा दिसतात. मी आणि माझी नणंद तिथे पोचलो तेव्हा ओळखीच्या चेहऱ्यांनी आम्हाला नावाने हाका मारल्या, आणि नणंदेला रडू आवरेना.

रस्ता नेहमी काठाकाठाने जात नाही, हेही माहीत असू द्या. बरगी, इंदिरा सागर, सरदार सरोवर या धरणांच्या पाण्याखाली जुन्या वाटा गेल्या. हरसूद गाव २००४ मध्ये पाण्यात गेलं. त्या पट्ट्यात नदी दिसतच नाही, डांबरी रस्त्यावरून चालावं लागतं आणि पाय जास्त दुखतात. शूलपाणीच्या झाडीची, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलपट्ट्याची भीती अजून घातली जाते. एकेकाळी तिथे परिक्रमावासीयांना लुटत. आता भिल्ल आणि पावरा वस्त्यांमधून अन्नछत्रं उभी राहिली आहेत. डोंगर मात्र अजून तेवढेच उभे आहेत आणि दवाखाना लांब असतो.

शरीर, पैसा, घर

वारीत जागोजागी वैद्यकीय पथकं आणि रुग्णवाहिका असतात. मधुमेह-रक्तदाबवाल्यांना हा मोठा आधार आहे. फक्त दात्यांचं गोडधोड हात जोडून नाकारावं लागतं. परिक्रमेत औषधांचा साठा स्वतःचा लागतो, आणि टिक्कड (जाड रोटी) आणि डाळ रोज पचवता आली पाहिजे. पाठीवरचं ओझंही तिथे आपलंच. सामानाचा ट्रक नाही. वारीचा खर्च भिशी आणि प्रवास एवढाच. परिक्रमेत रोजचा खर्च जवळजवळ नसतो, पण चार-सहा महिने घर कोण बघणार, हा मोठा हिशोब आहे. घरात सासू-सासरे आजारी असतील तर त्यांना टाकून परिक्रमेला निघू नये, असं मला मनापासून वाटतं.

सरावाचं गणित नागपूरकरांसाठी वेगळं पडतं. वारीचा सराव मे महिन्यात येतो, म्हणजे पंचेचाळीस अंशांचं ऊन. पहाटे पाचला अंबाझरी किंवा फुटाळ्याला निघा आणि ऊन चढायच्या आत घरी या. परिक्रमेचा सराव पावसाळा सरता सरता करता येतो. कोराडीपर्यंत चालत जा, मग एखाद्या दिवशी रामटेकची वाट धरा. शेतकऱ्यांना वारी पेरणीच्या तोंडावर येते. पाऊस लांबला तर जीव तिकडे अडकतो, म्हणून पुष्कळ जण शेवटचे पाच-सहा दिवसच धरतात. अधिक महिन्यामुळे आषाढी बरीच मागेपुढे होते. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला. रजेचा अर्ज पंचांग बघूनच द्या.

भाषेची बाजू क्वचितच कुणी सांगतं. मराठी परिक्रमावासीयांत हिंदीला अडखळणारे पुष्कळ भेटतात. आपल्याला तिची लहानपणापासून सवय. निमाडातल्या एखाद्या आजीशी चुलीपाशी बसून तासभर बोलता येणं, हे नागपूरकराच्या पदरात आयतं पडलेलं दान आहे.

मधली वाट

विदर्भाच्या स्वतःच्या पालख्या विसरू नका. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी परंपरेने १५९४ पासून पंढरीला जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी अकोला, परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा अशी महिनाभराच्या वर चालते. अंतर आळंदीच्या वाटेच्या जवळपास तिप्पट, पण गर्दी कमी आणि शिस्त कडक. वऱ्हाडी कानाला बरं वाटतं. गर्दीची धास्ती आहे, पण एकट्याने जायचं नाही, अशांनी आधी इथे चौकशी करावी.

आणि चालायचंच आहे की नाही हे अजून ठरत नसेल तर आधी छोटं काही करा. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारला विदर्भातून माणसं लोटतात. दिवसभराच्या डोंगरवाटेत आपले गुडघे काय म्हणतात ते कळतं. चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा परिसरात उत्तरवाहिनी परिक्रमा होते, वीसेक किलोमीटरची, एका दिवसाची.

मग कुणी काय निवडावं

पहिल्यांदाच निघत असाल तर वारी. हे मी अडखळत सांगत नाही. वारी तुम्हाला सांभाळून घेते, चुकलात तर कुणीतरी शोधायला येतं. नुकतंच घरातलं माणूस गेलं आहे आणि एकटेपणा खातो आहे, अशांनाही मी वारीच सांगते, कारण तिथे रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला माणूस असतो. ज्यांना बोलायचं कमी आहे, ज्यांची लांब चालण्याची तयारी झालेली आहे आणि कुणाच्या तरी ओसरीवर निजायला ज्यांना कमीपणा वाटत नाही, त्यांनी परिक्रमा उचलावी. बायकांनी परिक्रमेला निदान दोघींनी निघावं, आणि झाडीच्या टप्प्यात मोठ्या जथ्थ्याबरोबर राहावं. गाडीने परिक्रमा घडवणाऱ्या यात्रा कंपन्या आहेत, त्यात दोन-तीन आठवड्यांत दोन्ही तट होतात. वय झालेल्यांसाठी ते चांगलं आहे, पण ओसरीवरची माणसं त्यात भेटत नाहीत.

वारी ठरली तर दिंडीशी बोलणं चैत्र-वैशाखातच करून टाका, कारण तंबूतली जागा मोजकी असते. विचारताना बायकांची व्यवस्था, सामानाचं वजन आणि एकादशीनंतर दिंडी कधी परतते, एवढं स्पष्ट विचारा. गोपाळकाल्यापर्यंत, म्हणजे पौर्णिमेपर्यंत थांबायचं असेल तर परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. परिक्रमा ठरली तर दसऱ्याच्या आत दात आणि डोळे तपासून घ्या. बूट नवे घेतले असतील तर घालून निदान दीड-दोनशे किलोमीटर इथेच चालून घ्या.