अचेबे घेऊ की न्गुगी?

जून उजाडला की एम.ए.ची दोन-तीन मुलं दाराशी येऊन उभी राहतात. "मॅडम, प्रोजेक्टला आफ्रिकन घ्यायचंय. अचेबे घेऊ की न्गुगी?" 'आफ्रिकन' हा शब्द ती 'आशियाई जेवण' म्हणावं तसा वापरतात. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं ओगिदी हे पूर्व नायजेरियातलं, इग्बो बोलणाऱ्यांचं गाव. दुसरे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांचं कामिरिइथू हे केनियात लिमुरूजवळचं, गिकुयू बोलणाऱ्यांचं गाव. दोन्हींमध्ये तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. भाषा वेगळ्या, आणि इंग्रज सरकारने छळायची तऱ्हाही वेगळी. नायजेरियात गोरा अधिकारी आणि मिशनरी आले, केनियात त्यांच्यासोबत गोरा जमीनदारही आला. या एका फरकातूनच दोघांच्या कादंबऱ्या फुटतात.

पण मुलांनी मनात बहुधा आधीच काहीतरी ठरवलेलं असतं. नेमाड्यांचा देशीवाद (साहित्य आपल्या मातीत, आपल्या भाषेत रुजलेलं असावं हा विचार) डोक्यात भिनलेला असला की न्गुगी, कारण त्यांनी इंग्रजी सोडून मातृभाषा धरली. परीक्षेची भीती जास्त असली की अचेबे, कारण 'थिंग्ज फॉल अपार्ट' बी.ए.ला झालेलं असतं आणि नोट्स तयार मिळतात. ही दोन्ही कारणं मला कच्ची वाटतात. पहिलं ऐकायला भारदस्त आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळते.

भाषेचं हे भांडण सुरू कुठे झालं? जून 1962, कंपाला, मकेरेरे कॉलेज. इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकन लेखकांची परिषद भरली होती. अचेबे तेव्हा 31 वर्षांचे, 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) नावावर असलेले. जेम्स न्गुगी (हेच पुढे न्गुगी वा थिओंगो) नावाचा तिथलाच एक विद्यार्थी कादंबरीचं हस्तलिखित घेऊन त्यांच्याकडे गेला. अचेबेंनी ते वाचलं, सूचना केल्या, आणि 1964 साली ते 'वीप नॉट, चाइल्ड' म्हणून हाइनमान प्रकाशनाच्या 'आफ्रिकन रायटर्स सिरीज'मध्ये आलं. त्या मालिकेचे पहिले संपादक-सल्लागार अचेबेच. म्हणजे पुढे ज्याने इंग्रजीशी उभा दावा मांडला, त्याला इंग्रजीच्या मांडवात हाताला धरून अचेबेंनीच आणलं होतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'अचेबे विरुद्ध न्गुगी' असं शीर्षक टाकण्याआधी एवढं आठवावं.

अचेबेंची इंग्रजी म्हणजे काय, ते त्यांनी स्वतःच एका निबंधात दाखवलंय. 'अ‍ॅरो ऑफ गॉड' (1964) मधला ईझेउलू हा उलू देवाचा मुख्य पुजारी. तो आपल्या एका मुलाला मिशनऱ्यांकडे पाठवतो. का पाठवतो, हे अचेबे आधी कादंबरीतल्या भाषेत सांगतात आणि मग तेच साध्या, घोटीव इंग्रजीत लिहून दाखवतात. फरक मराठीत आणायचा तर असा. कादंबरीतला ईझेउलू साधारण असं बोलतो: "माझ्या पोरांतला एक त्या लोकांत जाऊ दे, तिथला माझा डोळा होऊ दे. काही नसलं तर परत ये. असलं तर माझा वाटा घरी घेऊन ये. जग म्हणजे नाचणारं सोंग आहे, नीट बघायचं तर एका जागी उभं राहून चालत नाही." दुसरा मसुदा असा: "नवीन धर्माची प्रगती झाल्यास खबरदारी म्हणून मी तुला माझा प्रतिनिधी नेमत आहे." आशय एकच. पण दुसरा माणूस तहसील कचेरीतला आहे, पुजारी नव्हे. शब्द इंग्रजी, चाल इग्बो, हे अचेबेंचं कसब. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या म्हणी नक्षी म्हणून येत नाहीत. कोण कोणाशी, कोणत्या मानाने बोलतोय ते त्या सांगतात.

मग इग्बोतच का लिहिलं नाही? मुलं इथे लगेच 'वसाहतीची गुलामी' वगैरे लिहून मोकळी होतात. अचेबेंचा आक्षेप बारीक होता. मिशनऱ्यांनी बायबलसाठी अनेक बोलींची मोट बांधून जी 'युनियन इग्बो' घडवली, ती त्यांना निर्जीव वाटायची. आपल्याकडे मेजर कँडीने मराठी गद्याला दिलेल्या वळणाबद्दल जी कुरकूर चालते, तीच जरा वरच्या पट्टीत. मातृभाषेचं छापील रूपही साहेबाने घडवलेलं असेल तर 'मातृभाषेकडे परत' जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं? देशीवादाच्या मराठी अभ्यासकाला हा प्रश्न आयता मिळतो, आणि तो न्गुगींपेक्षा अचेबेंकडून येतो. मला त्यात गंमत वाटते.

आता न्गुगी. त्यांच्या शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या पोराला छडी मिळायची, नाहीतर 'मी गाढव आहे' अशा मजकुराची धातूची पट्टी गळ्यात अडकवली जायची. हे सगळं 'डिकॉलनायझिंग द माइंड' (1986) मध्ये आहे आणि प्रत्येक विद्यार्थी ते उतरवून काढतोच. मी त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या भागाकडे बोट दाखवते. 1977 साली कामिरिइथूच्या शेतकऱ्या-कामगारांनी स्वतः खुलं नाट्यगृह बांधलं. न्गुगी वा थिओंगो आणि त्यांचे सहलेखक न्गुगी वा मिरिइ यांचं गिकुयू नाटक तिथे उघड्यावर बसवलं गेलं. तालमीला सगळं गाव हजर. म्हातारं पात्र असं बोलणार नाही, ही म्हण त्याच्या तोंडी शोभत नाही, असं गावकरीच लेखकांना सुनवायचे. थोड्याच आठवड्यांत सरकारने प्रयोग बंद पाडले आणि वर्ष संपता संपता न्गुगींना खटला न चालवता कामिती तुरुंगात टाकलं. 1982 मध्ये पोलिसांनी ते नाट्यगृहच जमीनदोस्त केलं.

तुरुंगात त्यांनी गिकुयूत पहिली कादंबरी लिहिली ('डेव्हिल ऑन द क्रॉस' हे तिचं इंग्रजी नाव), तीही संडासच्या कागदावर. कागद मुद्दाम खरखरीत दिलेला, कैद्याला त्रास व्हावा म्हणून. पण पेनाला तोच मानवला. 1980 साली ती छापली गेल्यावर काय झालं ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. लोक ती घरात, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात मोठ्याने वाचायला लागले. गुत्त्यात एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ऐन रंगात आलं की वाचणारा थांबायचा आणि पुस्तक खाली ठेवायचा. त्याचा ग्लास रिकामा झालेला असायचा. ऐकणाऱ्यांनी तो भरला की कथा पुढे. पोथीवाचन आणि वगनाट्य यांच्या मधोमध कुठेतरी बसेल असा हा प्रकार. न्गुगींचा अभ्यास करायचा असेल तर हा गुत्ता सोडून फक्त सिद्धांत घेऊ नका.

'मातिगारी' (1986) ची हकीकत तर न्गुगींनीच सांगितली आहे. सत्य आणि न्याय कुठे आहे असं विचारत मातिगारी नावाचा कोणी इसम हिंडतोय, अशी खबर सरकारच्या कानावर गेली आणि त्याला पकडायचा हुकूम निघाला. तो कादंबरीतलं पात्र आहे हे उमगल्यावर पुस्तकंच जप्त झाली.

इतकं ऐकल्यावर मुलं न्गुगींवर शिक्कामोर्तब करतात. तेव्हा मी विचारते, "गिकुयू येते का?" 'डेव्हिल ऑन द क्रॉस' आपण वाचतो ते इंग्रजीत. तो अनुवाद खुद्द न्गुगींनी केलाय, आणि 'विझर्ड ऑफ द क्रो' या त्यांच्या नंतरच्या कादंबरीचाही. म्हणजे जी भाषा टाकली म्हणून आपण त्यांना निवडलं, तिच्यातूनच आपण त्यांना वाचणार, आणि गिकुयू वाक्याच्या चालीवर एक ओळसुद्धा लिहू शकणार नाही. संहितेचा, वाक्यावाक्याचा अभ्यास करायचा असेल तर अचेबे घ्या. लिहिलेलं शब्दन् शब्द समोर असतं. रंगभूमी, तुरुंग, सरकार, अभ्यासक्रम असा विषय असेल तर न्गुगींना तोड नाही. 1968 साली नैरोबी विद्यापीठात त्यांनी हेन्री ओवुर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग यांच्यासोबत इंग्रजी विभागच बंद करा, आफ्रिकन साहित्य मध्यभागी आणा, अशी लेखी मागणी केली होती. इंग्रजी विभागात बसूनच हे शिकवायचं आमच्या नशिबी आलं, ते सोडा.

कादंबरीकार म्हणून तोलायचं तर दोघांचे प्रश्न वेगळे पडतात. अचेबे विचारतात, काय मोडलं, आणि त्यात आपला हात किती? ईझेउलूला गोरा अधिकारी सरकारी मुखिया नेमू पाहतो. तो नकार देतो आणि कोठडीत जातो. तिथे असताना दर अमावस्येनंतरचा पवित्र कंद खायचा राहून जातो. सुटून आल्यावर तो हट्टाला पेटतो: राहिलेले कंद खाऊन झाल्याशिवाय नव्या पिकाचा सण जाहीर करणार नाही. पीक शेतात कुजतं, लोक उपाशी मरतात, आणि चर्च म्हणतं, आमच्या देवाला वाहा आणि खुशाल काढा. गाव ख्रिस्ताकडे वळतं ते बंदुकीने नाही, भुकेने.

न्गुगी विचारतात, कोणी विकलं आणि कोणी खाल्लं? 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (1967) मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या, 12 डिसेंबर 1963 च्या सभेत बोलायला गाव मुगोला बोलावतं. मुगो म्हणजे गावाच्या लेखी अबोल वीर. तो उभा राहतो आणि सांगतो, फासावर गेलेल्या बंडखोर किहिकाला मीच पकडून दिलं. ही कादंबरी इंग्रजीत लिहिलेली आहे, आणि माझ्या मते न्गुगींची सर्वांत चांगली हीच. पुढच्या पुस्तकांत ठाम मतं वाढली, माणसं सपाट होत गेली. हे मत सगळ्यांना पटत नाही, तोंडी परीक्षेत जपून मांडा.

स्त्रिया? 'थिंग्ज फॉल अपार्ट'चा नायक ओकोन्क्वो याच्या मारकुट्या घरात बायकांना आतून बोलायला जागा फार कमी. न्गुगींच्या नायिका वान्जा, वारिइंगा ठसठशीत आहेत, पण कधीकधी देशाचं प्रतीक होण्याच्या ओझ्याखाली वाकतात. हाच विषय असेल तर दोघांनाही सोडा आणि फ्लोरा न्वापा किंवा बुची एमेचेटा या नायजेरियन लेखिका घ्या.

समीक्षेचं म्हणाल तर 'थिंग्ज फॉल अपार्ट'वर डोंगर रचलाय. नवं सांगायला फट सापडत नाही. ती कादंबरी विषय म्हणून घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडवरचं अचेबेंचं 1975 चं व्याख्यानही उगाळून झालंय. सायमन गिकांडी या केनियन समीक्षकाने दोघांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली आहेत. ती लागोपाठ वाचली तर कोण आपल्याला जास्त छळतो ते कळतं, आणि जो छळतो तोच घ्यावा.

माझं मत विचाराल तर 'अ‍ॅरो ऑफ गॉड'. त्यातच एक व्यावहारिक सोय आहे: अचेबेंनी 1974 साली तिची सुधारित आवृत्ती काढली. न्गुगींनीही 'अ ग्रेन ऑफ व्हीट' नंतर दुरुस्त केली. लेखकाने काय खोडलं, काय घातलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहणं हा एका वर्षात उरकणारा, कोणाची नक्कल न करता जमणारा विषय आहे. दोन्ही आवृत्त्या हाती लागतात का, एवढं ग्रंथालयात आधी विचारून या.

आणि नोंदणीचा अर्ज भरण्याआधी दोन प्रसंग वाचा. एक, ईझेउलूचा मुलगा पवित्र अजगराला लाकडी पेटीत कोंडतो आणि ती पेटी आपोआप हलायला लागते तो. दुसरा, मुगो सभेत उभा राहतो तो. ज्याच्यानंतर पुस्तक मिटवत नाही, त्याचं नाव अर्जावर लिहा.