दोन किलोवॉट की तीन, रोख की कर्ज: घरच्या सौरसंचाचा तुलनात्मक आढावा

गच्चीवर सौरसंच बसवू इच्छिणाऱ्याला ‘तीन किलोवॉट घ्या, म्हणजे पूर्ण अनुदान मिळेल’ असा सल्ला हमखास मिळतो. अनुदानापुरते ते खरे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. ७८,००० रुपयांची ही मर्यादा पुढे वाढत नाही, त्यामुळे पाच किलोवॉटच्या संचालाही तेवढेच अनुदान मिळते. मात्र संचाचा आकार ठरवताना अनुदानाआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले पाहावीत.

उदाहरणादाखल साताऱ्यासारख्या शहरातले एक स्वतंत्र घर घेऊ, ज्याला महावितरणची जोडणी आहे आणि जिथे महिन्याला सरासरी २९० युनिटे लागतात. एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिटे, म्हणजे महिन्याला १२० युनिटे देतो. दोन किलोवॉटमधून २४० युनिटे मिळाली की बिलात ५० च उरतात, आणि तीही १०० युनिटांपर्यंतच्या सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात. म्हणजे महाग युनिटे सगळी वाचलेली असतात. संचाचा खर्च किलोवॉटमागे ६०,००० रुपये धरला, तर अनुदान वजा जाता दोन किलोवॉट ६०,००० रुपयांना आणि तीन किलोवॉट १,०२,००० रुपयांना पडतात. याचा अर्थ तिसऱ्या किलोवॉटचे ४२,००० रुपये महिन्याला ५० स्वस्त युनिटे वाचवण्यासाठी मोजावे लागतात आणि वरची ७० युनिटे महावितरणच्या तारांत जाऊन आपल्या नावावर शिल्लक राहतात. ही शिल्लक पुढच्या महिन्यात वळती होते, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हाची जास्तीची वीज जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येते. परंतु ३१ मार्चला उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण वीज विकत घेतो त्या दराहून बराच कमी मिळतो. शिवाय स्थिर आकार दोन्ही संचांत द्यावाच लागतो. म्हणून अशा घराला माझ्या मते दोन किलोवॉट पुरेसे आहेत. वापर ४०० युनिटांच्या पुढे असेल, किंवा एसी अथवा विजेवर चालणारी गाडी वर्षभरात येणार असेल, तर मात्र तीनच घ्यावेत.

पॅनेलच्या प्रकारांवर फार काळ घालवण्याचे कारण नाही. मोनो पर्क आणि टॉपकॉन यांपैकी दुसरे थोडे अधिक कार्यक्षम असते, पण गच्ची मोकळी असेल तर तो फरक निर्णायक ठरत नाही. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीच्या सेलचे असणे मात्र बंधनकारक आहे. सावलीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारचा नारळ यांची सावली एका पॅनेलवर पडली तरी एकाच इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरच्या उपकरणांजोगी करणाऱ्या यंत्राला) मालिकेत जोडलेल्या इतर पॅनेलचे उत्पादनही घटू शकते. अशा गच्चीवर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावण्याचा जादा खर्च योग्य ठरतो, तर सावली नसलेल्या गच्चीवर सगळ्या पॅनेलना मिळून एकच असा साधा स्ट्रिंग इन्व्हर्टरच घ्यावा.

बॅटरीविना चालणारा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला, संच वीज गेली की, भर दुपारीसुद्धा, बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी तसे आवश्यकच असते. बॅटरीसह हायब्रीड संच ही अडचण दूर करतो. मात्र बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही आणि ती पॅनेलच्या कितीतरी आधी बदलावी लागते. जिथे वीज क्वचित जाते, तिथे घरातला जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी तसाच ठेवून ऑन-ग्रिड संच घेणे अधिक किफायतशीर आहे.

पैशांची सोय करताना पहिली गोष्ट ही, की अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर बँकेत जमा होते, त्यामुळे आरंभी पूर्ण रकमेची तयारी लागते. रोख रक्कम हाताशी असेल तर तीच वापरावी, मात्र आजारपणासाठी राखलेली ठेव त्यासाठी मोडू नये. योजनेतील बँक कर्ज तीन किलोवॉटपर्यंत विनातारण मिळते आणि त्याचा दर वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. अनुदान बचत खात्यात आले तर ते लगेच कर्जात भरून मुद्दल कमी करावे. गृहकर्जावरील वाढीव कर्जही स्वस्त दिसते, परंतु त्याची मुदत पंधरा वर्षांची असेल तर हप्ते संपण्याआधीच इन्व्हर्टर बदलण्याची वेळ येऊ शकते.

दराइतकेच मुदतीकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १,९८० रुपये येतो आणि एकूण १,१८,८०० रुपये जातात. तेच दहा वर्षांत फेडले तर हप्ता १,१६१ रुपयांवर उतरतो, पण एकूण सुमारे १,३९,३०० रुपये द्यावे लागतात, म्हणजे १४ टक्क्यांनी पाच वर्षे फेडण्याइतकेच. पुरवठादारामार्फत मिळणाऱ्या हप्त्यांच्या सोयीत दर ‘फ्लॅट’ आहे का, हेही विचारावे. फ्लॅट ७ टक्क्यांमध्ये पाचही वर्षे मूळ लाखावर व्याज आकारले जाते, हप्ता २,२५० रुपये येतो आणि घटत्या शिलकीवर मोजल्यास तो दर सुमारे साडेबारा टक्के भरतो. म्हणून प्रत्येकाकडून हप्ता, मुदत आणि एकूण परतफेड हे तिन्ही आकडे एकाच कागदावर लेखी मागावेत आणि मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.