मजबूत ड्रॉवर रेज की कॉल: एक्विटी कॅल्क्युलेटर आठ महिने वापरल्यानंतर

एक्विटी म्हणजे पॉटमधला (जमलेल्या चिप्समधला) आपला सरासरी वाटा मोजणारा हा कॅल्क्युलेटर मी एकाच प्रश्नासाठी घेतला होता: पोकरच्या नो-लिमिट होल्डेम प्रकारात मजबूत ड्रॉ (अजून अपुरा, पण योग्य पान आल्यास पूर्ण होणारा डाव) हाती असताना रेज करावे (बेट म्हणजे पैज वाढवावी) की कॉल (तेवढीच बेट भरावी). गेले आठ महिने खेळ संपल्यावर नोंदवून ठेवलेले डाव मी त्यात तपासत आलो आहे.

सुरुवातीलाच एक समजूत दुरुस्त झाली. आउट्सना, म्हणजे ड्रॉ पूर्ण करणाऱ्या उरलेल्या पानांच्या संख्येला, चाराने गुणून दोन पाने बाकी असतानाची टक्केवारी काढण्याची रीत नऊ आउट्सच्या फ्लश ड्रॉला (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना एक कमी) ठीक चालते, कारण 36 आणि प्रत्यक्षातले 35 टक्के यांत फारसे अंतर नाही. पंधरा आउट्सना मात्र ती 60 टक्के सांगते, तेव्हा खरी शक्यता 54 टक्के असते.

ज्या डावाने माझा खेळ बदलला तो असा. हातात इस्पिकचा गुलाम आणि दश्शी, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत) इस्पिकची नव्वी-अठ्ठी व चौकटची दुर्री; म्हणजे फ्लशचे नऊ आणि सलग पाच पत्ते जुळवणारे आणखी सहा, असे पंधरा आउट्स. पॉट 100 चिप्सचा, प्रतिस्पर्ध्याची बेट 60 आणि माझ्यासमोर एकूण 240. ऑल-इन केल्यावर (सगळ्या चिप्स लावून रेज केल्यावर) समोरच्याने तीन नव्व्यांनिशी कॉल केला, तरी माझा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास राहतो. 580 च्या पॉटमधले 232 माझे, म्हणजे सरासरी तोटा अवघा 8 चिप्सचा. उलट त्याने फोल्ड केले (पत्ते टाकून डाव सोडला) तर 160 थेट मिळतात, त्यामुळे वीस वेळांत एकदा त्याने पत्ते टाकले तरी रेजचा तोटा भरून निघतो. हेच गणित साध्या फ्लश ड्रॉने, साधारण 25 टक्क्यांच्या वाट्याने केले, तर कॉल झाल्यावरचा तोटा 95 वर जातो आणि समोरच्याने 37 टक्के वेळा तरी फोल्ड करावे लागते. क्वचितच पत्ते टाकणाऱ्या खेळाडूसमोर अशा ड्रॉवर मी आता कॉलच करतो, तोही मागे पुरेशा चिप्स असतील तरच.

उणीव गंभीर आहे, विशेषतः नवख्यासाठी. प्रतिस्पर्ध्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणाऱ्या पत्त्यांची यादी) भरली नाही, तर साधन कोणतेही दोन पत्ते गृहीत धरते. पहिले तीन आठवडे मी त्याच फुगलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवला आणि नको तिथे रेज करत राहिलो. समोर इस्पिकचा एक्का-राजा असेल तर माझे फ्लशचे आउट्सच घातक ठरतात, हे रेंज नीट भरल्यावाचून दिसत नाही. शिवाय समोरचा किती वेळा फोल्ड करेल हे साधन सांगत नाही, आणि रेजचा निर्णय तर त्यावरच उभा असतो. तो अंदाज मी अजून वहीत प्रत्येक खेळाडूपुढे हाताने लिहितो.

टर्नवर (चौथ्या सामायिक पानावर) पान न लागल्यास पंधरा आउट्सची शक्यता 54 वरून 33 टक्क्यांवर उतरते. अर्ध्या पॉटच्या बेटला 25 टक्के पुरतात, म्हणून तिथे कॉल योग्यच ठरतो. रेजचा जोर मात्र फ्लॉपवर, दोन पाने बाकी असतानाच अधिक असतो.