कलत्या हौद्याचा ट्रेलर: चढवायला सोपा, बांधायला किचकट

कच्च्या वाटांवर चालणारी छोटी युटिलिटी गाडी इकडून तिकडे नेण्यासाठी मी एका आसाचा, कलत्या हौद्याचा ट्रेलर वापरतो. त्याचे सुख गाडी चढवतानाच कळते. सुट्या रॅम्पच्या ट्रेलरवर पुढची चाके मागच्या कडेवर आली की ट्रेलरचे शेपूट दबते आणि ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो. रॅम्पच्या सांध्यावर पोट घासते ते वेगळेच. इथे खिट्टी काढली की हौदा मागे कलून जमिनीला टेकतो, आणि लो गिअरमध्ये सावकाश चढणारी गाडी आसाच्या पुढे गेली की तिच्याच भाराने आडवा होतो. तो धाडकन आदळू नये म्हणून बसवलेला डॅम्पर आपले काम चोख करतो.

पुढच्या चाकांना अडवणारी आडवी पट्टी बोल्ट काढून मागेपुढे सरकवता येते. ही सोय किरकोळ वाटली, तरी माझ्या मते ट्रेलरची खरी किंमत तिच्यातच आहे. पट्टी सरकवली की वरची गाडी पुढेमागे होते आणि हिचवरचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतो त्या सांध्यावरचा, भार बदलतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. ३५० किलोच्या ट्रेलरवर ७०० किलोची गाडी असेल, तर तो सुमारे १०५ ते १५७ किलो भरतो. कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो, जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी पडतात.

बांधण्याच्या बाबतीत मात्र निर्मात्याने निराशा केली आहे. कड्या हौद्याच्या बाजूंना, मध्याजवळ आहेत. त्यामुळे रॅचेट पट्टे जवळपास उभे राहतात, गाडी खाली दाबली जाते, पण ब्रेक लागल्यावर पुढे सरकायची थांबत नाही. शेवटी मी चारही कोपऱ्यांत कड्या वेल्ड करून घेतल्या, तेव्हा कुठे पट्टे पुढे-मागे तिरके ताणता आले. सोबतच्या पट्ट्यांवर तुटण्याचा भार ठळक आणि कामाचा (सुरक्षित वापराचा) भार बारीक अक्षरांत छापला आहे. हिशेब दुसऱ्याचाच धरायचा, आणि तो सहसा पहिल्याच्या एक तृतीयांश असतो. शिवाय हादऱ्यांनी गाडी सस्पेन्शनवर बसते आणि पट्टे सैलावतात, त्यामुळे थोड्याच अंतरावर थांबून ते पुन्हा आवळावे लागतात, पण हा दोष ट्रेलरचा नव्हे.

दिव्यांची तार बिजागरीजवळून उघडीच नेली आहे. हौदा आडवा होताना ती चिमटत नाही ना, हे दर वेळी वाकून पाहावे लागते.

वेल्डिंगचा खर्च धरूनही मी हाच ट्रेलर घेईन. ज्यांची गाडी टनाच्या आसपास जाते, त्यांनी मात्र दोन आसांचा आणि स्वतःचे ब्रेक असलेला पाहावा.